बिनपगारी जासूद

मॉस्को शहरात दिमित्री बोगातोव्ह नावाचा एक तरुण राहत असे. वय अवघे पंचवीस, पेशा गणिताच्या मास्तरकीचा आणि नाद संगणकाचा. २०१७ सालच्या एप्रिलच्या ६ तारखेला पोलीस त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. आरोप काही साधासुधा नव्हता. दंगलीला चिथावणी देणे आणि दहशतवादाची जाहीर भलामण करणे! झाले होते असे, की २९ मार्चला संगणक-तंत्रज्ञांच्या एका रशियन संकेतस्थळावर 'ऐरात बाशिरोव्ह' या नावाने कोणीतरी मजकूर टाकला होता. चौकात जमा आणि येताना बाटल्या, चिंध्या, पेट्रोल असले सामान घेऊन या, अशी त्यात हाक होती. हा मजकूर इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावरून आला याचा पोलिसांनी माग काढला. पत्ता निघाला गणिताच्या मास्तरांचा.

मास्तर म्हणाले, हे मी लिहिलेले नाही. आता पकडलेला माणूस दुसरे काय म्हणणार? पण वकिलांनी दुकानातल्या कॅमेऱ्याची चित्रे पुढे केली. मजकूर टाकला गेला त्या वेळी हा गृहस्थ बायकोबरोबर व्यायामशाळेतून परतताना बाजारहाट करीत होता. याहून मोठी मौज पुढेच आहे. मास्तर कोठडीत बसलेले असतानाही बाशिरोव्हसाहेबांचे लिखाण चालूच राहिले! तरीसुद्धा जुलैच्या २४ तारखेपर्यंत बोगातोव्ह कोठडीत राहिला, त्यानंतर सहा महिने घरातच स्थानबद्ध राहिला, जानेवारी २०१८च्या अखेरीस मोकळा झाला आणि मे महिन्यात त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला. न केलेल्या गोष्टीपायी वर्षाहून अधिक काळ गेला.

तुम्ही म्हणाल, मग पत्ता त्याच्या घरचा कसा निघाला? तर तो पत्ता त्याने उसना दिलेला होता. कोणाला? ज्याला हवा त्याला. ज्याचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तो पुढे काय करणार आहे हेही माहीत नाही, अशा जगातल्या वाटेल त्या माणसाला! हा उद्योग करणारा तो एकटा नव्हे. 'टोर' नावाच्या जाळ्यात आज अशी सात-आठ हजार ठाणी आहेत, ती बहुतांशी हौशी माणसे आणि त्यांच्या लहानसहान संस्था पदरमोड करून चालवतात, आणि रोज वीस लाखांहून अधिक माणसे त्यांचा आडोसा घेतात असा अंदाज आहे.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. पण भाकरी भाजल्याबद्दल तुरुंगात जावे लागेल अशी शक्यता असताना चुलीपुढे बसणारे विरळाच. ही माणसे करतात तरी काय, आणि कशासाठी, ते पाहू.

पाकिटात पाकीट

पेशवाईच्या कागदपत्रांत जासूदजोडी रवाना केल्याचे उल्लेख जागोजाग सापडतात. जासूद म्हणजे थैली घेऊन मजल दरमजल धावणारा, पत्र पोचवून जबाब आणणारा. आज आपण जासूद म्हटले की हेर समजतो. एकाच शब्दाच्या पोटात टपालवाला आणि हेर दोघेही नांदावेत ही गोष्ट या लेखाच्या विषयाला फारच लागू पडते, ते पुढे कळेलच.

इंटरनेटवर आपण एखादे पान मागवतो तेव्हा मागणीबरोबर आपला पत्ताही जातो. उत्तर कोठे धाडायचे हे समजायला तो लागतोच. आतला मजकूर सांकेतिक लिपीत असला, तरी पाकिटावर पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे लिहिलेले असते, आणि ते वाटेवरचा प्रत्येक जण वाचू शकतो. समजा, सोलापूरच्या एका बाईंनी रात्री अकरा वाजता कर्करोगाच्या एका रुग्णालयाचे पान उघडले. त्यांनी काय वाचले हे कळायची गरजच नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, कचेरीच्या जोडणीवरून उघडले असेल तर कचेरीतल्या साहेबाला, एवढे कळले की बाकीचे लोक आपल्या कल्पनेने भरून काढतात.

टोरची युक्ती अशी आहे. बाईंच्या संगणकाजवळ जगभरच्या चौक्यांची यादी असते. त्या यादीतून तो तीन चौक्या निवडतो. मग मागणीचे पत्र एका पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्यात आणि ते तिसऱ्यात. प्रत्येक पाकिटाचे कुलूप निराळे आणि किल्ली त्या त्या चौकीपाशीच. पहिली चौकी वरचे पाकीट फोडते; आत निघते दुसरे बंद पाकीट आणि 'अमक्या चौकीला द्या' एवढी चिठ्ठी. दुसरी तिचे फोडून तिसरीला देते. तिसरी शेवटचे फोडते आणि रुग्णालयाचे दार ठोठावते. पाकिटे सगळी एकाच मापाची कापलेली असतात, म्हणजे जाडीवरून अंदाज बांधायचीही सोय नाही. कांद्याचे पापुद्रे एकेक करून सोलावेत तसा हा प्रकार, म्हणून त्याला मुळात नाव पडले 'ओनियन राउटिंग'. टोर हे त्याचेच लहान रूप. लासलगावच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही.

आता कोणाला काय कळले ते पाहा. पहिल्या चौकीला बाई ठाऊक, पण रुग्णालय ठाऊक नाही. मधलीला दोन्ही ठाऊक नाहीत. शेवटच्या चौकीला रुग्णालय ठाऊक, पण बाई कोण हे तिला कळायला मार्ग नाही. आणि रुग्णालयाच्या दप्तरी जी नोंद होते ती असते शेवटच्या चौकीच्या पत्त्याची! बोगातोव्हची चौकी ही अशी शेवटची होती. बाशिरोव्ह नावाचा जो कोणी होता, तो बाहेर पडला तो नेमका त्याच्या दारातून.

आरमाराने दार उघडले

ही युक्ती कोणा बंडखोराच्या डोक्यातून निघाली असेल असे वाटते ना? ती निघाली अमेरिकेच्या आरमारी संशोधनशाळेतून. १९९५च्या सुमारास तेथल्या डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हर्सन या तिघांनी तिचा पाया घातला. परदेशातल्या हॉटेलात उतरलेल्या सरकारी माणसाने आरमाराच्या यंत्राशी बोलणे सुरू केले, की तार पाहणाऱ्याला हा कोण हे लगेच कळणार. ते कळू नये ही त्यांची अडचण होती. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे दोघे सिव्हर्सनला येऊन मिळाले आणि ऑक्टोबर २००२मध्ये टोरचे जाळे सुरू झाले.

आणि मग आरमाराने एक असे काम केले, की जे पाहून आपल्याकडचा कोणताही सरकारी अधिकारी चक्रावून जाईल. ते जाळे सर्वांना खुले केले! हा परोपकार नव्हता. तो हिशेब होता. जाळे फक्त आरमारानेच वापरले तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस आरमाराचाच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पांढरी टोपी घातलेला माणूस मुंबईच्या एखाद्या मोठ्या कचेरीत उठून दिसतो, पण आषाढात पंढरपूरच्या वाटेवर त्याला शोधून दाखवा! लपायचे तर गर्दी हवी, आणि गर्दी सर्व प्रकारची हवी. आजारी बाई हवी, पत्रकार हवा, पोलीस हवा, आणि नुसता रिकामटेकडाही हवा.

तसेच चौक्यांचे. सगळ्या चौक्या एकाच धन्याच्या असतील तर तो तिन्ही वह्या एकत्र ठेवून हिशेब लावील. म्हणून चौक्या एकमेकांना न ओळखणाऱ्या, निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या मतांच्या माणसांच्या हव्यात. २००३च्या अखेरीस त्या जेमतेम डझनभर होत्या. बहुतेक अमेरिकेत आणि एक जर्मनीत. पुढे २००६मध्ये या कामासाठी ना-नफा संस्था निघाली. तिच्या खर्चाचा बराच वाटा वर्षानुवर्षे अमेरिकन सरकारच्या तिजोरीतूनच आला. आणि त्याच सरकारच्या हेरखात्याचे टोर फोडण्याच्या खटपटीचे कागद २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणले. एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने खणायचे, असला हा कारभार.

नव्या चौकीची उमेदवारी

चौकी चालवायला लागते काय? भांडवल म्हणाल तर एक बेताचा संगणक किंवा महिन्याच्या भाड्याने घेतलेला सर्व्हर, निदान दहा मेगाबिटची जोडणी, महिन्याला शंभर गिगाबाइट तरी माल इकडून तिकडे करायची तयारी, आणि हे सारे रात्रंदिवस न थांबता. कार्यक्रम फुकट मिळतो. तो बसवायला माहीतगार माणसाला अर्धा तास पुरतो. पण बसवला की लगेच दारात रांग लागते असे मात्र नाही. नव्या चौकीवर कोणी एकदम विश्वास टाकत नाही. पहिले तीनेक दिवस ती जवळजवळ रिकामीच असते. मग जाळ्याची मोजणी करणारी यंत्रे तिचा वेग तपासतात, थोडथोडे काम देतात. आठवड्याभराने ती पहिल्या चौकीच्या मानाला पात्र ठरू लागते, आणि पुरती रुळायला दोन महिन्यांच्या वर काळ लागतो. मधेच वीज गेली, यंत्र बंद पडले, की पत घसरली. जगातल्या आठ-दहा विश्वासू यंत्रांकडे या साऱ्या चौक्यांचे दप्तर असते आणि ती यंत्रे दर तासाला एकमेकांत मत घेऊन नवी यादी जाहीर करतात.

या सगळ्याचा पगार काय? काही नाही. दोन महिने नेकीने आणि वेगाने चौकी चालवली तर संस्था एक टी-शर्ट देते. यावर हसू नका. २०१२मध्ये हवाई बेटांवरून एका अज्ञात चौकीदाराने टोरच्या एका कार्यकर्तीला पत्र पाठवले, की मी शेवटची चौकी चालवतो, कामावरच्या सोबत्यांनाही गळ घालतो आहे, चिकटवायला काही छापील चित्रे धाडाल का? त्या डिसेंबरात होनोलुलूमध्ये दोघांनी मिळून लोकांना शिकवण्यासाठी एक बैठकही भरवली. सहा महिन्यांनी तोच चौकीदार जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. तो स्नोडेन!

पहिली आणि मधली चौकी चालवणाऱ्याला तसा फारसा त्रास नाही. काही आळशी बँका आणि दुकाने टोरच्या यादीतला प्रत्येक पत्ता सरसकट काळ्या यादीत टाकतात. चौकी घरच्याच जोडणीवर असली तर घरात 'वीजबिलाचे पान का उघडत नाही?' असा प्रश्न निघतो आणि चौकीदाराला जेवणाच्या पानावर खुलासा करावा लागतो, एवढेच. खरी कसोटी आहे ती शेवटच्या चौकीची.

दार कोणाचे, चोर कोणाचा

शेवटच्या चौकीवर तक्रारी येतात. रोजच्या रोज येतात. कोणी तेथून चोरून सिनेमा उतरवला, कोणी कोणाच्या यंत्राचे कुलूप खटखटवले, कोणी शिवीगाळ केली. पत्ता चौकीदाराचा, म्हणून पत्र चौकीदाराला. जुने जाणते चौकीदार अशा पत्रांना छापील उत्तर तयार ठेवतात. ते नवख्यांना आधीच बजावतात: शेवटची चौकी राहत्या घरातून चालवू नका. सर्व्हर भाड्याने घ्या, कंपनीला आधी सांगा, यंत्राच्या नावातच 'टोर' हा शब्द घाला, आणि त्या पत्त्यावर कोणी डोकावला तर 'ही टोरची चौकी आहे, येथे कोणतीही नोंद ठेवली जात नाही' अशी पाटी दिसेल असे करा. जमल्यास चार जण मिळून संस्था काढा. पोलिसांसाठीही सोय आहे. अमुक तारखेला अमुक पत्ता टोरची चौकी होता की नाही, हे सांगणारी एक जाहीर वही टोरच्या संस्थेनेच इंटरनेटवर ठेवली आहे. तिचे नाव 'एक्झोनेरेटर', म्हणजे निर्दोष ठरवणारी. दोन मिनिटांचे काम.

पण ती दोन मिनिटे कोणी काढायला हवीत ना? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात २०१२मध्ये एका तरुणाच्या घरावर धाड पडली. त्याच्या चौकीतून मुलांच्या अत्याचाराची चित्रे गेली होती. त्याने ती पाहिली नव्हती, मागवली नव्हती. तरी २०१४मध्ये न्यायालयाने त्याला गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा स्थगित झाली, पण दोषाचा डाग राहिला. २०१६च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिएटलला पहाटे सहा वाजता पोलिसांनी एका जोडप्याला उठवून घराची झडती घेतली. काही सापडले नाही. आणि २०१८च्या जूनमध्ये जर्मनीत जे घडले त्याला काय म्हणावे? तेथे चौक्यांसाठी देणग्या गोळा करणारी 'झ्वीबेलफ्रॉइंडे' नावाची संस्था आहे. या नावाचा अर्थ 'कांद्याचे मित्र'. एका पक्षाच्या अधिवेशनाविरुद्ध कोणीतरी चिथावणीचा मजकूर लिहिला. त्याचा ई-मेलचा पत्ता ज्या परदेशी मंडळाकडचा होता, त्या मंडळाच्या देणग्याही हे कांद्याचे मित्र गोळा करीत. एवढ्या धाग्यावरून बव्हेरियाच्या पोलिसांनी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरातले संगणक उचलून नेले! पुढे म्युनिकच्या न्यायालयाने या झडत्या बेकायदा ठरवल्या.

बोगातोव्ह चौकी घरून चालवत होता. जाणत्यांचा सल्ला त्याने मानला नव्हता असे कोणी म्हणेल. पण तो आत गेल्यावर जगभर काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. कोणी निषेधाची पत्रके काढली, ते ठीकच. काहींनी मात्र नव्या चौक्या उघडल्या आणि त्यांची नावे ठेवली 'फ्री बोगातोव्ह'. एक चौकी बंद झाली, तिच्या जागी अनेक उभ्या राहिल्या.

जासुदाचा दुसरा अर्थ

येथवर वाचून चौकीदार म्हणजे सारे संतमहंत असा समज झाला असेल तर तो दूर केला पाहिजे. चौकीचे दार कोणालाही उघडे आहे, तसा चौकीदार होण्याचा मार्गही कोणालाही मोकळा आहे. म्हणजे टपालवाल्याच्या वेषात हेरही आलाच!

२००७मध्ये डॅन एगेर्स्टाड नावाच्या स्वीडिश तरुणाने पाच शेवटच्या चौक्या मांडल्या आणि तेथून काय जाते ते पाहत बसला. त्या काळी पुष्कळशी संकेतस्थळे मजकूर सांकेतिक लिपीत पाठवत नसत. शेवटचे पाकीट फोडले की आतले सारे उघडे. त्याच्या हाती जगातल्या वकिलातींच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या ई-मेलचे परवलीचे शब्द लागले आणि त्यातले शंभर त्याने जाहीर करून टाकले. त्या यादीत आपल्या परदेशातल्या वकिलाती होत्या, संरक्षण संशोधन आणि विकास संघटना होती, आणि पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही होती! हे टपाल खुद्द त्या कचेऱ्यांतले लोक वाचत होते, की त्यांचे परवलीचे शब्द आधीच चोरून बसलेले भामटे टोरच्या आडून वाचत होते, ही शंका पुढे एगेर्स्टाडलाच आली. त्याच वर्षी स्वीडनच्या पोलिसांनी त्याला चौकशीला नेले.

त्या प्रकाराचा बोध लोकांनी घेतला. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर शेवटपर्यंत कुलूपबंद जातो, त्यामुळे शेवटच्या चौकीला कोणते दार ठोठावले एवढेच कळते. पण हेर काही संपले नाहीत. २०१४च्या ३० जानेवारीला चौक्यांची एक टोळी जाळ्यात शिरली आणि पाकिटांवर गुपचूप खुणा करीत राहिली. ती ४ जुलैला हुडकून हाकलली गेली, तोवर पाच महिने लोटले होते. २०२१मध्ये एकाच अज्ञात हाताच्या शेकडो चौक्या उघडकीस आल्या. यावर इलाज एकच, आणि तो तंत्राचा कमी आणि माणसांचा अधिक आहे. भल्या चौक्या इतक्या असाव्यात, की वाईटांच्या वाट्याला एकाच प्रवाशाची पहिली आणि शेवटची चौकी दोन्ही येऊ नयेत.

आणि प्रवासी? त्यांच्यातही सगळेच सोलापूरच्या बाईंसारखे नाहीत. याच जाळ्याच्या आडोशाने 'सिल्क रोड' नावाचा मादक द्रव्यांचा बाजार २०११पासून ऑक्टोबर २०१३मध्ये पोलिसांनी तो बंद करीपर्यंत भरत होता. खंडणीखोर येथे वावरतात, मुलांचे गुन्हेगार वावरतात. टोरची बहुतांश वाहतूक सामान्य संकेतस्थळांकडेच जाते हे खरे असले, तरी ज्याच्या घरातल्या मुलावर प्रसंग आला त्याला हा हिशेब सांगायला कोणाची जीभ धजेल? चौकीदार म्हणतात, आम्ही पाकीट फोडून पाहू लागलो तर आमच्यात आणि एगेर्स्टाडमध्ये फरक काय राहिला? प्रस्तुत लेखकाला हे उत्तर पटते, पण ते सुखाचे उत्तर नाही. भामट्याला लपायला पैसे मोजून दुसऱ्या वाटा मिळतात. बाईंना मात्र हीच एक फुकटची वाट आहे, एवढेच त्यात भर घालून म्हणता येईल.

गावची सभा

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात लेबनन नावाचे लहानसे गाव आहे, तेथले किल्टन सार्वजनिक वाचनालय. जुलै २०१५मध्ये या वाचनालयाने टोरची एक चौकी सुरू केली. अमेरिकेतल्या वाचनालयांत ही पहिली. ग्रंथपालांचे म्हणणे सरळ होते. कोण कोणते पुस्तक नेतो हे आम्ही कोणाला सांगत नाही. इंटरनेट हेही वाचनच आहे. ही बातमी छापून आल्यावर अंतर्गत सुरक्षा खात्याच्या बॉस्टनच्या एका अधिकाऱ्याने ती न्यू हॅम्पशायरच्या पोलिसांकडे धाडली, गावचे पोलीस वाचनालयात आले, आणि गुन्हेगार याचा काय उपयोग करतात ते त्यांनी सांगितले. वाचनालयाने चौकी तात्पुरती थांबवली आणि निर्णय विश्वस्तांवर सोपवला.

१५ सप्टेंबरला विश्वस्तांची सभा भरली. एरवी वाचनालयाच्या सभेला किती माणसे येतात हे आपल्याकडच्या कोणत्याही चिटणीसाला विचारावे! त्या दिवशी गावकरी येऊन बसले. पोलिसांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. आणि उठून बोलणाऱ्यांनी आपला कौल चौकीच्या बाजूने दिला. विश्वस्तांनी चौकी पुन्हा सुरू करायचे ठरवले. ती सुरू झालीही. एका लहान गावाने पुरते समजून उमजून आपला पत्ता परक्यांना वापरायला दिला. ग्राझच्या तरुणाच्या पाठीशी असे गाव नव्हते.

आपल्याकडे

आपल्या देशात टोर वापरण्यास कायद्याने बंदी नाही. बोगातोव्ह कोठडीतून घरी आला त्याला बरोबर महिना होत होता, त्या दिवशी, म्हणजे २४ ऑगस्ट २०१७ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तरी भारतात चौक्या फार थोड्या. एक तर आपल्या पुष्कळ कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात. ज्या घराला स्वतःचा पत्ताच नाही, त्याने तो उसना काय द्यावा? सर्व्हर भाड्याने घ्यावा, तर २८ एप्रिल २०२२च्या सरकारी आदेशाप्रमाणे भाड्याने देणाऱ्याने गिऱ्हाइकाचे नाव-गाव पाच वर्षे जपून ठेवायचे. या आदेशानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. चौकीदाराला स्वतःचे नाव लपवायचे नसतेच, तेव्हा हा अडथळा मोठा नाही. पण आपल्याकडच्या ठाणेदाराला पाकिटात पाकीट समजावून सांगायची पाळी पहिल्यांदा कोणावर येणार, हा विचार पुष्कळांना मागे ओढतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. परिणामी बऱ्याच चौक्या जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स, फ्रान्स अशा थोड्या देशांत आणि त्यांतही मोजक्या भाडे-कंपन्यांच्या जागेत दाटल्या आहेत. सगळी गुरे एकाच गोठ्यात बांधली, की एका रोगाने दावण मोकळी होण्याचे भय.

ज्याला शेवटच्या चौकीचे धाडस नाही त्याच्यासाठी एक लहान काम अलीकडे निघाले आहे. चौक्यांची यादी जाहीर असल्यामुळे एखादे सरकार ती घेऊन सगळ्या चौक्यांची वाट बंद करू शकते. चीनने २००९मध्ये ते केले. रशियाने डिसेंबर २०२१मध्ये टोरला अटकाव केला. मग यादीत नसलेले चोरदरवाजे लागतात. अशा दरवाजांपैकी एकाचे नाव 'स्नोफ्लेक', म्हणजे हिमकण. आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी पुरवणी बसवायची. संगणक चालू असेल तोवर दूरच्या देशातला कोणी आपल्या संगणकातून पहिल्या चौकीपर्यंत पोचतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की दोघे चित्रफोनवर बोलत आहेत. तो बाहेर पडतो तो दुसऱ्याच कोणाच्या दारातून, त्यामुळे तक्रार आपल्याकडे येत नाही. २०२२च्या सप्टेंबरात इराणमध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले आणि सरकारने इंटरनेट आवळले, तेव्हा या हिमकणांवर एकाएकी मोठी गर्दी लोटली. ज्यांच्या संगणकांतून ती गेली त्यांत विद्यार्थी होते, कारकून होते, पेन्शनर होते. पुरवणीच्या चिन्हावर टिचकी मारली की एक आकडा दिसतो: गेल्या चोवीस तासांत तुमच्या वाटेने इतके जण गेले. कधी चार, कधी चाळीस, आणि कित्येक दिवस नुसते शून्य.